सही माझी, हिशेबही माझा

(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



घर कुणाच्या नावावर, सातबारा कुणाच्या नावावर, हे प्रश्न आपण वर्षानुवर्षं विचारत आलो. आज मी आणखी एक विचारणार आहे : तुमच्या पर्समधलं क्रेडिट कार्ड कुणाचं?

माझ्या पर्समध्ये अकरा वर्षं कार्ड होतं. त्यावर माझं नाव छापलेलं होतं, म्हणून ते माझंच असं मी धरून चालले. मी घर सोडलं आणि त्याच आठवड्यात ते बंद पडलं. चौकशी केली तेव्हा कळलं, ते नवऱ्याच्या खात्यावरचं जोडकार्ड, म्हणजे ‘ॲड-ऑन’ होतं. बिल त्याच्या नावे, मर्यादा त्याची आणि वेळेवर फेडल्याची पतही त्याची. महिन्याचा हिशेब मी ठेवायची, पण बँकेच्या लेखी माझी नोंदच नव्हती.

स्वतःचं कार्ड मागायला गेले तर नकार मिळाला. मग बँकेतल्याच एका बाईंनी वाट दाखवली. वीस हजारांची मुदत ठेव ठेवायची आणि तिच्या तारणावर कार्ड घ्यायचं. ठेवीवर व्याज चालू राहतं. बिल थकवलं तर मात्र बँक ठेवीतून वसूल करते. शिवणकाम करणाऱ्या, डबे देणाऱ्या, पगारपत्रक नसलेल्या बाईलाही पहिलं कार्ड मिळवायला हा मार्ग बरा.

निवडताना भेटवस्तू आणि पॉइंट शेवटी बघा. आधी विचारा : वार्षिक फी किती? थकबाकीवर महिन्याला व्याज किती? उशिराचा दंड किती? रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार हे सारं अर्जासोबत एका पानावर द्यावं लागतं. ते पान मागून घ्या, वाचा, मगच सही करा.

आता माझी चूक सांगते. भावाने म्हटलं, “ताई, तुझ्या कार्डावर फ्रीज घेऊ का? दोन महिन्यांत देतो.” भावाला नाही कसं म्हणायचं? वीस हजारांचं बिल आलं. पैसे त्याच्याकडून येईनात. बिलावर ‘किमान देय रक्कम’ एक हजार लिहिली होती. मला वाटलं, एवढे भरले की झालं.

हिशेब मांडून बघा. व्याज महिना साडेतीन टक्के धरलं, तर वीस हजारांवर सातशे रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १२६ रुपये. मी भरलेल्या हजारातले ८२६ तिथेच गेले. कर्ज कमी झालं १७४ रुपयांनी! शिवाय बाकी ठेवली की बिनव्याजी मुदतही जाते. नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. शेवटी भिशीचे पैसे उचलून मी सगळं फेडलं. भावाने फ्रीजचे पैसे पुढे दिले, व्याजाचे नाहीत. बँकेने त्याला एकदाही विचारलं नाही. सही माझी होती ना!

तेव्हापासून माझे नियम साधे आहेत. खात्यात पैसे असतील तेवढीच खरेदी. बिल पूर्ण आणि तारखेच्या आत. कार्डावर रोख काढायची नाही, कारण तिथे शुल्कही लागतं आणि व्याजही लगेच सुरू होतं. कार्ड आणि ओटीपी कुणालाही नाही, घरातल्यांनाही नाही. वर्षातून एकदा पतअहवाल फुकट मिळतो, तो मागवून बघायचा. आपल्या नावावर न घेतलेलं कर्ज दिसलं तर तिथेच कळतं.

आणि हक्कही लक्षात ठेवा. न मागता कार्ड गळ्यात मारता येत नाही. थकबाकी नसेल तर कार्ड बंद करण्याचा अर्ज सात कामाच्या दिवसांत निकाली काढावाच लागतो. नाही काढला तर दिवसाला ५०० रुपये आपल्याला द्यावे लागतात. तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही.

नात्याला नाही म्हणणं आपल्याला शिकवलेलं नाही. पण कर्ज कुणासाठी घेतलं, हे बँक विचारत नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर कार्ड बाहेर काढा, बिल कुणाच्या नावे येतं ते बघा. पुढच्या बैठकीला ते बिल घेऊन या. आपण सगळ्या मिळून वाचू.