एका कसोटीपलीकडचे सदाशिव पाटील



कोल्हापुरात खेळाचा विषय निघाला की गप्पा आधी खासबागेच्या आखाड्यात शिरतात, मग शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलकडे वळतात. क्रिकेट निघालंच तर भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ धावा आठवतात, आणि त्या आठवल्याच पाहिजेत. पण आज बोलायचं आहे ते आपल्याच गावच्या एका मध्यमगती गोलंदाजाबद्दल. त्यांचं नाव सदाशिव रावजी पाटील.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९३३चा. भारताकडून ते एक कसोटी खेळले. आपण त्यांची ओळख करून देतो ती एवढीच, आणि नेमकं हेच मला पटत नाही.

१९५२-५३च्या हंगामात ते महाराष्ट्राकडून पहिल्यांदा खेळले, तेव्हा वय होतं अवघं एकोणीस. समोर मुंबई. आदल्याच वर्षी रणजी करंडक जिंकलेला तो संघ. महाराष्ट्राचा पहिला डाव १६७ धावांत आटोपला. मुंबईच्या फलंदाजीपुढे १६७ म्हणजे काहीच नाही, असंच कुणालाही वाटलं असतं. पण पाटलांनी हातात चेंडू घेतला तो डाव संपेपर्यंत सोडलाच नाही. एका टोकाकडून ते टाकत राहिले आणि मुंबई ११२ धावांत गारद झाली. दुसऱ्या डावात त्यांनी आणखी तीन बळी घेतले. महाराष्ट्र १९ धावांनी जिंकला.

त्या काळी रणजी स्पर्धा बाद पद्धतीची होती, हे आजच्या श्रोत्यांना मुद्दाम सांगायला हवं. हरलात की वर्ष संपलं. विभागवार साखळी सामने सुरू झाले ते १९५७-५८पासून. म्हणजे ऐन उमेदीच्या वर्षांत गोलंदाजाच्या वाट्याला कधी कधी हंगामात एखाद-दुसराच सामना यायचा. पाटील १९५२ ते १९६४ या काळात प्रथम श्रेणीचे ३६ सामने खेळले आणि त्यांत त्यांनी ८३ बळी मिळवले. सरासरी काढली तर वर्षाला तीन सामने! आजचा विशीतला पोरगा एका महिन्यात याहून जास्त खेळतो. वर्षभर सराव करायचा, अंग तयार ठेवायचं, आणि निवड समितीच्या नजरेत भरायला हाताशी तीन सामने. महाराष्ट्राचं कर्णधारपदही त्यांनी याच काळात सांभाळलं.

डिसेंबर १९५५मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर न्यूझीलंडविरुद्ध त्यांना भारताची टोपी मिळाली. पॉली उम्रीगरांची कर्णधार म्हणून ती पहिलीच कसोटी. विनू मंकड यांनी २२३ धावा केल्या आणि भारत एक डाव २७ धावांनी जिंकला. पाटलांनी दोन्ही डावांत मिळून ५१ धावा देऊन दोन बळी घेतले. दोन्ही वेळा सापडला तो जॉन रीड, त्या संघातला नावाजलेला फलंदाज. एका फलंदाजाला एकदा बाद करणं नशिबाचं म्हणता येईल, दोन्ही डावांत बाद करणं हे गोलंदाजाचं काम आहे.

तरीही पुढच्या कसोटीत ते नव्हते, आणि नंतर कधीच नव्हते. कारण त्या मालिकेतच दिसतं. मुंबईच्या त्या कसोटीत फिरकी गोलंदाज सुभाष गुप्त्यांनी आठ बळी घेतले आणि मालिकेत ३४. आपल्या खेळपट्ट्या मुळात मंद, आणि फिरकीवर सामने जिंकायची सवय लागलेली. मध्यमगती गोलंदाजानं चार-दोन षटकं टाकून चेंडूची लकाकी घालवायची, मग फिरकी गोलंदाज येणार. वयाच्या बाविसाव्या वर्षी डावाने जिंकलेल्या सामन्यात दोन बळी घेऊनही पुन्हा बोलावणं येत नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

पण पाटलांचा खेळ थांबला नाही. १९५९ ते १९६१ या काळात ते इंग्लंडच्या लँकेशायर लीगमध्ये खेळले. ही लीग १८९२ सालची. नेल्सन, हॅसलिंग्डन, रॉटनस्टॉल अशी कापडगिरण्यांची गावं, आपल्या इचलकरंजीसारखी मागाच्या आवाजात वाढलेली. गावाचा क्लब गावातलीच पोरं खेळवायचा. पैसे देऊन बाहेरून आणलेला व्यावसायिक खेळाडू संघात एकच. कधीकाळी नेल्सनकडून लिअरी कॉन्स्टंटाइन खेळले, लाला अमरनाथ खेळले. विजय हजारे रॉटनस्टॉलला होते. त्या एका माणसावर गावाचा सगळा भार. शनिवारी दुपारी गिरणीतली माणसं मैदानाभोवती जमायची. भरपूर बळी घेतले किंवा पन्नास धावा काढल्या, की प्रेक्षकांतून वर्गणी फिरायची आणि नाणी गोळा करून त्या खेळाडूच्या हातात ठेवली जायची. तुमची गोलंदाजी आवडली की नाही, ते तिथेच, त्याच संध्याकाळी कळायचं. इंग्लंडचा ओला उन्हाळा, हिरवळ असलेली खेळपट्टी, शिवणीवर पडून हलणारा चेंडू: मध्यमगती गोलंदाजाला यापरतं काय हवं!

तिथे पाटील ५२ सामने खेळले आणि १११ बळी घेतले. चौदा क्लब, प्रत्येकाशी घरी आणि बाहेर दोनदा गाठ, म्हणजे हंगामाचे २६ सामने. ५२ म्हणजे पुरे दोन हंगाम. बारा वर्षांच्या प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ८३ आणि इथे १११. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की लक्षात येतं, की या हाताला जेव्हा पोटभर काम मिळालं तेव्हा त्यानं ते चोख केलं. लीगच्या बळींना प्रथम श्रेणीच्या कोष्टकात जागा नसते, म्हणून आपल्याकडे ते कुणी मोजत नाही. मी मात्र ते आधी मोजेन आणि कसोटीचे दोन बळी त्यांत मिळवेन.

१५ सप्टेंबर २०२० रोजी, वयाच्या ८६व्या वर्षी, कोल्हापुरातच पाटलांचं निधन झालं. यापुढे त्यांचं नाव निघेल तेव्हा मुंबईला ११२ धावांत गुंडाळणारा तो सामना आधी सांगा, लँकेशायरचे १११ बळी सांगा, आणि मग ब्रेबॉर्नवरची कसोटी.