अन्नाचे देहात काय होते : पुण्याजवळच्या सहा गावांतील संशोधन



शाळेची साठ वर्षे म्हणजे तीन पिढ्यांचा काळ. पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थिनी आज आज्या झाल्या आहेत आणि नातवंडाचे नाक कोणावर गेले, अक्षर कोणासारखे, याची चर्चा त्या हौसेने करतात. खाल्लेल्या अन्नाचे पुढे काय करायचे, ही देहाची रीतही अशीच पिढीतून पिढीत येते. तिचा काही भाग जन्मजात वारशाचा असतो आणि बराचसा आईच्या ताटातला असतो. हे ज्या संशोधनातून जगापुढे आले, त्यातील एक फार मोठे काम पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत झाले. मराठी घरांना त्याची पुरेशी ओळख नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

पाठ्यपुस्तकातील पचनाचा धडा साधारणपणे लहान आतड्यापाशी थांबतो. भाकरीचे ग्लुकोज झाले, ते रक्तात गेले, धडा संपला. चयापचयाची खरी कहाणी तेथून पुढे सुरू होते. रक्तातील साखर वाढताच स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. त्या इशाऱ्यावर स्नायू साखर उचलतात, यकृत काही साठवून ठेवते आणि उरलेल्याची चरबी होते. यांपैकी जेवणानंतरची साखर सामावून घेणारे सर्वांत मोठे कोठार स्नायूंचे. हे कोठारच लहान असेल आणि चरबी, विशेषतः पोटाभोवतीची, अधिक असेल, तर तोच इशारा देण्यासाठी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन तयार करावे लागते. हा वाढीव भार वर्षानुवर्षे ओढता ओढता ते थकते. मधुमेहाचे निदान होते त्या दिवसाआधी ही ओढाताण कित्येक वर्षे चाललेली असते.

आता प्रश्न असा, की भारतीय माणूस दिसायला सडपातळ असूनही त्याला हा विकार इतक्या लवकर का गाठतो? पुण्याच्या रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा प्रश्न धरून ठेवला. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटनमधील त्यांचे सहकारी प्रा. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा : २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांनाही निरोगी ठरवत होता. संशोधकाने स्वतःचाच देह पुरावा म्हणून पुढे करावा, ही त्यातील खिलाडू वृत्तीही विसरण्यासारखी नाही.

ही चरबी येते कधी? सर्वसाधारण समजूत अशी, की बैठे काम आणि तळलेले खाणे यांतून ती तिशी-चाळिशीत चढते. इंग्लंडमध्ये साउदम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी त्याआधीच वेगळी दिशा दाखवली होती. जन्मतः वजन कमी असलेल्यांना पुढे हृदयविकार आणि मधुमेह जास्त होतो, असे जुन्या जन्मनोंदींवरून त्यांना आढळले. पुण्यात त्याचा पडताळा लहान मुलांवर घेण्यात आला. के.ई.एम.मध्ये जन्मलेली मुले चार वर्षांची झाल्यावर त्यांना ग्लुकोजचे पाणी देऊन रक्त तपासले, तेव्हा जन्माच्या वेळी कमी वजन असलेल्यांच्या रक्तात साखर आणि इन्सुलिन दोन्ही अधिक भरले. तीच पाहणी आठव्या वर्षी झाली, तेव्हा सर्वाधिक ओढाताण दिसली ती जन्मतः लहान आणि आठव्या वर्षी थोराड झालेल्या मुलांत. ‘बाळसे धरले’ म्हणून घरात ज्याचे कौतुक होते, ते मूल बहुधा हेच.

पण मूल लहान का जन्मते, हे जाणायचे तर आईपाशी, तेही दिवस जाण्याच्या आधी, जायला हवे. म्हणून १९९३ मध्ये ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू झाला. पुण्यापासून काही मैलांवरील सहा गावांतील विवाहित स्त्रियांच्या घरी कार्यकर्त्या दर महिन्याला जात आणि पाळीची तारीख नोंदवत. दिवस राहिले की अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात आहार विचारला जाई आणि रक्त घेतले जाई. मूल जन्मले की ७२ तासांच्या आत त्याची मोजमापे : वजन, लांबी, डोके, दंड, पोट आणि चिमट्यासारख्या उपकरणाने पाठीवरच्या कातडीची जाडी. शास्त्र म्हटले की प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येते. येथे शास्त्र शेतवाटेने चालत गेले आणि बाळंतिणीच्या खोलीत टेप घेऊन बसले.

त्या मातांचे दिवस राहण्यापूर्वीचे सरासरी वजन ४२ किलो, उंची १५२ सेंटिमीटर आणि वय अवघे २१ च्या आसपास. म्हणजे त्यांतील बऱ्याचजणींचा जन्म १९७२-७३ च्या दुष्काळाच्या आगेमागे झालेला. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. यात नवल काहीच नव्हते. नवल पुढे होते. पुण्याची बाळे वजनात आणि लांबीत मागे होती, पोटाचा घेर तर फारच कमी होता, म्हणजे यकृतासारखे अवयव लहान राहिले होते. दंडही बारीक. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ शाबूत होती. नाळेतील रक्ताच्या वेगळ्या तपासणीत लंडनच्या गोऱ्या बाळांशी तुलना केली, तेव्हा वजनाने हलक्या पुणेरी बाळांच्या रक्तात इन्सुलिन अधिक आढळले. काडीसारख्या दिसणाऱ्या या जिवांची चरबी जन्माआधीच राखलेली होती. टंचाईत वाढणारा गर्भ आधी मेंदू सांभाळतो, स्नायूंवर काटकसर करतो आणि पुढच्या उपासमारीसाठी शिदोरी बांधून घेतो, असा याचा अर्थ लावला गेला. पुढे उपासमार आली नाही, भरल्या ताटाचा सुकाळ आला, तर हीच शिदोरी जड होते.

मातांच्या आहाराचे विश्लेषण पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. शोभा राव यांनी केले आणि २००१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. या स्त्रिया दिवसाला सुमारे १,७७० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने घेत होत्या. एकूण कॅलरी आणि प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी सरळ संबंध दिसेना. संबंध दिसला तो अठराव्या आठवड्यातील दुधाशी आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यातील पालेभाज्यांशी व फळांशी. अधिक भाकरीने जे साधत नव्हते, ते मेथी-चाकवताच्या जुडीने साधत होते. कष्टांचीही नोंद झाली : शेतातले काम, पाणी भरणे, धुणे. ज्यांच्या अंगावर या कामांचा भार अधिक, त्यांची बाळे लहान. दोन जिवांची बाई म्हणून घास वाढवण्याची रीत आपल्याकडे आहे, हंडा कमी करण्याची रीत मात्र त्या मानाने दुर्मीळ.

याच रक्ताच्या नमुन्यांतून पुढचा धागा हाती लागला. दोन-तृतीयांश मातांत जीवनसत्त्व बी-१२ कमी होते. फोलेटची उणीव जवळजवळ नव्हतीच. ही दोन्ही जीवनसत्त्वे एकाच कामावर असतात. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा ‘मेथिल’ हा छोटासा गट फोलेट आणून देते आणि बी-१२ तो पुढे पोहोचवते. जनुकांवर कोणते चालू राहावे आणि कोणते मिटावे याच्या खुणा याच मेथिल गटांनी होतात. बी-१२ नसेल तर आणलेला माल दारातच अडतो. सहाव्या वर्षी मुलांची तपासणी झाली, तेव्हा ज्यांच्या आयांत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. २००८ मध्ये हे निष्कर्ष छापले गेले. यावरून गरोदरपणी फॉलिक ॲसिडची गोळी टाळावी असा अर्थ कोणी काढू नये. बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीसाठी ती आवश्यकच आहे. प्रश्न तिच्या जोडीदाराचा आहे.

बी-१२ तयार करतात ते जंतू. प्राण्यांच्या मार्गाने ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांत येते. पालेभाजीत ते नसते. रोजची गरज सुमारे दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचशेवा भाग, आणि साठा यकृतात वर्षानुवर्षे पुरतो, म्हणून उणीव मुकाट्याने वाढते. पुण्याच्याच गटाने २००६ मध्ये ४४१ निरोगी मध्यमवयीन पुरुषांची पाहणी मांडली. बी-१२ कमी असण्याचे प्रमाण खेड्यात ६८ टक्के, झोपडपट्टीत ५१ टक्के आणि शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के. ज्या वर्गाच्या घरात पुस्तके, पगार आणि फ्रीज आहे, तोच यात सर्वांत मागे. चहातल्या दोन चमचे दुधावर दिवस काढणाऱ्या शाकाहारी कुटुंबांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

सहा गावांतील ती मुले पुढे अठरा वर्षांची झाली. अंगाने बहुतेक सडपातळच राहिली, जवळजवळ निम्मी तर कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के मुलग्यांत आणि १८ टक्के मुलींत रक्तातील साखर सामान्य मर्यादेपलीकडे गेलेली होती. ‘आमचा मुलगा शिडशिडीत आहे, त्याला कशाची भीती?’ हे वाक्य या आकड्यांपुढे टिकत नाही. समृद्धीची जोड मिळाली की चित्र आणखी गडद होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीच्या २०११ मधील पहिल्या टप्प्यात मधुमेहाचे प्रमाण महाराष्ट्रात ८.४ टक्के होते, तर आखीव रस्त्यांच्या, सुस्थित चंदीगडमध्ये १३.६ टक्के. २०२३ पर्यंत देशातील मधुमेहींचा अंदाज १० कोटींवर गेला.

मग उपाय? मुंबईच्या वस्त्यांत डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ पासून एक साधा पण चिवट प्रयोग केला. साडेसहा हजार स्त्रियांना रोज ताजा खाऊ दिला. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळे आणि दूध. दुसऱ्याच्या खाऊत बटाटा, कांदा यांसारखे पदार्थ. सर्वांचा मिळून हिशेब केला तर बाळांच्या वजनात फरक पडला नाही. परंतु दिवस जाण्याच्या किमान तीन महिने आधीपासून ज्या खात होत्या, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने भारी निघाली. तपासणी झालेल्यांत गरोदरपणातील मधुमेह १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आला. डोहाळजेवणाच्या ताटाला उशीर झालेला असतो, तो असा.

याच कारणाने पुण्याच्या संशोधकांनी आणखी मागे जाण्याचे ठरवले. २०१२ मध्ये त्या सहा गावांतील, तेव्हा सतरा वर्षांच्या आसपास असलेल्या, मुलामुलींना रोज एक गोळी देण्यास सुरुवात झाली. काहींच्या गोळीत दोन मायक्रोग्रॅम बी-१२, काहींच्या त्यासोबत इतर सूक्ष्मपोषक द्रव्ये, काहींच्या काहीच नाही. पहिले मूल होईपर्यंत ती चालू ठेवायची होती. यथावकाश लग्ने झाली, मुलींना दिवस गेले आणि ज्यांची स्वतःची जन्मवजने त्या वह्यांत आहेत, त्यांच्या बाळांच्या नाळेतील रक्त तपासणीला आले. नुसते बी-१२ घेतलेल्या मातांची मुले दोन-तीन वर्षांची झाल्यावर आकलन आणि भाषा यांच्या चाचण्यांत पुढे दिसली. मुलांची संख्या लहान होती. तिसऱ्या पिढीची मोजमापे अजून घेतली जात आहेत.