मोरपंखीला फूल का नाही?
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



मागच्या सभेत एकीने विचारले, “माझ्या अंगणातली मोरपंखी इतकी वाढली, पण तिला फूल कसे येत नाही?” मोरपंखीला फूल कधीच यायचे नाही. तिला येतात ते निळसर, शिंगे फुटल्यासारखे छोटे शंकू. शंकू वाळून उकलला की खवल्यांवर बी नुसते टेकलेले दिसते. भोवती फळ नाही. चीड, देवदार याच गोतातले. सुक्या मेव्यातला चिलगोजा हे चिडाच्याच एका जातीचे बी. या झाडांना ‘अनावृतबीजी’ म्हणतात.

आता आर्णीच्या शिवारातली पऱ्हाटी पाहा. सरकी बोंडात बंद, तुरीचा दाणा शेंगेत बंद. ही ‘आवृतबीजी’, म्हणजे फुलझाडे. फुलाच्या पोटातली पिशवी वाढते, तिचेच बोंड, शेंग किंवा फळ होते.

रंग आणि वास असला तरच फुलझाड, असे मात्र नव्हे. मक्याचा पराग चिडासारखा वाराच नेतो, तरी मका फुलझाडच. चिडाचा पराग उघड्या बीजांडावरच्या थेंबात थेट येऊन पडतो. मक्याचे बीजांड झाकलेले. म्हणून पराग कणसाच्या केसावर पडतो आणि केसातून नळी काढून आत पोचतो. एका केसामागे एक दाणा! ज्या केसाला पराग मिळाला नाही, तेथे दाणा भरत नाही.

दोघांची संसाराची रीतही निराळी. चीड बीजाची शिदोरी फलनाआधीच बांधून ठेवतो. फलन झाले नाही तर ती फुकट. फुलझाड फलन झाल्यावरच शिदोरी भरते. नारळाचे खोबरे म्हणजे हीच शिदोरी. आज फुलझाडांच्या जाती सुमारे ३ लाख, अनावृतबीजींच्या जेमतेम हजारभर. आपल्या विदर्भातही पूर्वी शंकूची झाडे होती. नागपूरच्या टाकळी भागात सापडलेल्या शंकूच्या जीवाश्माचे वर्णन बिरबल साहनी यांनी १९३१ साली केले. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.

आता परसातल्या कामाची गोष्ट. कोहळे, कारले, दोडके यांची नर-मादी फुले वेगळी, आणि पराग चिकट. तो वाऱ्याने जात नाही. माशी फिरकली नाही की बारके फळ पिवळे पडून गळते आणि आपण वेलीला दोष देतो. म्हणून फुले उमललेली असताना वेलीवर औषध मारू देऊ नका. माश्या दिसेनाशा झाल्या असतील, तर नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढा व मादी फुलाच्या मध्यावर हलकेच घासा. मादी फूल ओळखणे सोपे. त्याच्यामागे इवलेसे फळ असते. कोहळ्याला हे काम सकाळी लवकर करावे, दोडक्याला संध्याकाळी; त्याचे फूल तेव्हाच उमलते.