लहान शाळेचा निकाल आणि तिचा पट
(व्याख्यानाचा मजकूर)



दहावीचा निकाल जाहीर झाला की गावोगाव एकच प्रश्न ऐकू येतो : शाळेचा निकाल किती टक्के लागला? आकडा मोठा असला तर पेढे वाटले जातात. लहान असला तर मुख्याध्यापक मान खाली घालून हिंडतात. परंतु प्रत्येक शाळेत निकालपत्रकाशेजारी आणखी एक पुस्तक असते, ते म्हणजे विद्यार्थ्यांचा दाखला आणि निर्गमन नोंदविणारे पुस्तक. शाळेत कोण आले, कोठून आले आणि कोणत्या इयत्तेतून निघून गेले, हे त्यात लिहिलेले असते. ही दोन पुस्तके एकत्र वाचल्यावाचून लहान सरकारी शाळेचा न्याय करता येत नाही. पांढुर्णा व सौंसर हा मध्य प्रदेशातील मराठी मुलूख या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याच्या दक्षिणेकडील मराठीभाषी तालुकेही त्याच्याबरोबर राहिले. सोयरीक, बाजारपेठ आणि दवाखाना नागपूरकडे. शिक्षण मंडळ भोपाळकडे, अशी या भागाची स्थिती झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. कचेरी जवळ आली, हे खरे. पण मुलाच्या पाटीवरचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

या भागातील सरकारी हायस्कूलच्या वर्गात कोण बसते? कपाशी व संत्री पिकविणाऱ्या शेतकऱ्याची मुले, दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या मजुराची मुले, डोंगराकडच्या पाड्यांतून येणारी गोंड मुले. ज्यांची ऐपत आहे, त्यांची मुले इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत जातात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांतील पंचवीस टक्के प्रवेश दुर्बल व वंचित घटकांसाठी राखून ठेवले. त्याचा लाभ अनेक मुलांना झाला. पण जाणत्या पालकांची मुले त्या वाटेने बाहेर पडली की सरकारी शाळेत उरतात ती बहुधा शिकणारी पहिली पिढी. घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, असा वर्गच्या वर्ग असू शकतो.

त्यात भाषेची अडचण. घरी मराठी किंवा गोंडी आणि उत्तरपत्रिका हिंदीत. लिपी एकच असल्याने ही अडचण वरवर दिसत नाही आणि म्हणूनच ती अधिक फसवी ठरते. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे विद्या, मराठीत दंड. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. मराठीतील ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी, हिंदीत ते स्त्रीलिंगी होते. गणितात मराठी मूल ‘छेद’ म्हणते, त्याला हिंदीत ‘हर’ म्हणतात. ‘वजाबाकी’चे ‘घटाव’ होते. ज्याला अपूर्णांक समजला आहे, तोही शब्दापाशी अडखळतो. राज्यघटनेच्या ३५० क या अनुच्छेदाने प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिकविण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांवर सोपविला आहे. पण त्याची मर्यादा प्राथमिक अवस्थेपर्यंतच. हायस्कूलच्या उंबरठ्यावर मूल एकटेच उभे राहते.

पंचांग आणि शाळेचे वेळापत्रक यांचेही जुळत नाही. जून-जुलैत शाळा उघडते, तेव्हा पेरणी असते. दिवाळीनंतर कापूस वेचणीला घरातील प्रत्येक हात लागतो. मृग बहराची संत्री उतरविण्याचे दिवस आणि वार्षिक परीक्षेचे दिवस जवळजवळ एकच. हजेरीपटावरील ‘गैरहजर’ हा शब्द आळसाची नव्हे, पुष्कळदा घरच्या मजुरीची साक्ष देतो. मुलींच्या बाबतीत अंतर हेही एक कारण. मध्य प्रदेश शासनाच्या सायकल योजनेने ते पुष्कळ कमी केले आहे. पण धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम सायकलने कमी होत नाही.

आता आकड्यांकडे वळावे. वर्गात वीसच मुले असतील तर एक मूल म्हणजे पाच टक्के. गेल्या वर्षी सोळा उत्तीर्ण झाली, यंदा तेरा झाली, की निकाल ऐंशीवरून पासष्टावर येतो. लोक म्हणतात, ‘शाळा बिघडली’. वास्तविक फरक तीन मुलांचा असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट नववीची. आठवीपर्यंत अनुत्तीर्ण न करण्याचे धोरण अनेक वर्षे चालले; २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. शिवाय कायद्याचे मोफत शिक्षणाचे छत्र चौदाव्या वर्षी व आठवीपाशी संपते. म्हणून कच्चे राहिलेले मूल नववीत गळते. समजा, दोन शाळांत नववीला चाळीस-चाळीस मुले आली. पहिल्या शाळेतून वीसच दहावीला बसली आणि अठरा उत्तीर्ण झाली : निकाल नव्वद टक्के. दुसऱ्या शाळेने चौतीस बसविली आणि चोवीस उत्तीर्ण झाली : निकाल सुमारे एकाहत्तर टक्के. पेढे पहिल्या शाळेत वाटले जातील. पण चाळीसांपैकी पहिलीने अठरा मुले पार केली, दुसरीने चोवीस. निकालाच्या मोहाने दुबळ्या मुलास आधीच वाट दाखविली जाऊ लागली, तर आकडा उजळतो आणि शाळा विझते.

गोमंतकात पारतंत्र्याच्या काळी देवळांच्या आवारात मराठी शाळा भरत असत, हे महाजन घराण्यांना सांगावयास नको. मुक्तीनंतर १९६३ पासून भाऊसाहेब बांदोडकरांच्या शासनाने गावोगावी प्राथमिक शाळा उघडल्या, तेव्हा त्या जुन्या पायावरच नवी इमारत चढली. राज्यभाषा वेगळी असता घरची भाषा घेऊन शिकणे म्हणजे काय, हे ज्यांच्या आजा-पणजांनी अनुभविले, त्यांना सौंसरच्या मुलाची अडचण परकी वाटू नये.

गुणवंतांचा सत्कार प्रत्येक देवस्थान करते. तो अवश्य व्हावा. परंतु पहिला आलेला मुलगा कोणाच्याही पदकावाचून पुढे जाईल. ज्याला सायंकाळी बसावयास जागा नाही, दिवा नाही, ‘हर’ म्हणजे ‘छेद’ हे सांगणारे कोणी नाही, त्या नववीतल्या मुलासाठी एखादी खोली उघडली, एखादा निवृत्त शिक्षक दोन तास बसला, वेचणीच्या दिवसांत बुडालेले धडे भरून निघाले, तर ते मूल दहावीच्या परीक्षेला बसेल. ते कदाचित अनुत्तीर्ण होईल आणि शाळेचा निकाल पाच टक्क्यांनी उतरेल. ज्या गावाला तो उतार आनंदाने सोसता येईल, त्या गावाला शाळा म्हणजे काय हे समजले, असे म्हणावे.