परदेशी पासपोर्ट आणि वाहन परवाना



कारापूर, डिचोली, पेडणे…
आपल्या भागातल्या कुणाकुणाच्या हाती आज पोर्तुगीज पासपोर्ट आहे.
1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना तो मिळवता येतो.

पण तो घेतला, की भारतीय नागरिकत्व संपतं.
मग गावी परतल्यावर गाडीचा परवाना कसा काढायचा?

अशा अनेकांकडे ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, कार्ड असतं.
निळसर करड्या रंगाची छोटी पुस्तिका…
हीच तुमची ओळख.
केंद्र सरकारनं 2009 मध्येच तसं राज्यांना कळवलं आहे.

पत्त्याचं काय?
घर वडिलांच्या नावावर, वीजबिल काकांच्या नावावर, हे आपल्याकडे नेहमीचंच.
अशा वेळी नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करता येतं.
त्यात इथला पत्ता लिहा…
परदेशातलाही लिहा.

एक कळकळीची विनंती.
कपाटातलं जुनं मतदार ओळखपत्र पुढे करू नका.
ते आता तुमचं राहिलेलं नाही.
त्यातून परवान्यापेक्षा मोठी अडचण उभी राहते.

ओसीआय नसलेल्या परदेशी पाहुण्यांना पासपोर्टसोबत वैध व्हिसा लागतो.
मुक्काम लांबला, तर परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाचा कागदही लागतो.

आणि थोड्याच दिवसांसाठी येणार असाल?
तर तिकडूनच आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन या.

पुन्हा सांगते…
ओळखीसाठी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड.
पत्त्यासाठी प्रतिज्ञापत्र.
मूळ कागद सोबत ठेवा.
सगळ्यांवर नाव एकाच स्पेलिंगचं आहे ना, ते डिचोलीच्या वाहतूक कार्यालयात जाण्याआधी घरीच पाहा.