मूठ ज्याची त्याची



सुरी म्हटली की आपले लक्ष पात्याकडे जाते. पोलाद कोणते, धार कशी, हे आपण विचारतो. मूठ कोणाच्या हातासाठी केली, हे कोणी विचारीत नाही. त्या उपेक्षित मुठीविषयीच मला आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

माझ्या आईची बोटे संधिवाताने वाकली. विळीवर बसणे आधीच सुटले होते. आता सुरीही हातून निसटू लागली. "यापुढे मला चिरणे जमायचे नाही," असे ती म्हणाली. मी अधिक धारेची सुरी आणली. तीही निसटली. तेव्हा कळले, दोष पात्याचा नव्हता. पाऊण इंच जाडीच्या त्या मुठीवर तिची बोटे मिटतच नव्हती.

मी तिच्या हातात कणकेचा गोळा दिला आणि म्हटले, "सुरी धरतेस तसा धर." उमटलेला ठसा हाच माझा नकाशा झाला. मूठ सव्वा इंच जाड करावयाची, म्हणजे बोटे फार आवळावी लागत नाहीत. आणि लंबगोल, म्हणजे ती हातात फिरत नाही.

लाकूड बाभळीचे घेतले, पुरते वाळलेले. ओले लाकूड मागाहून आकसते. लाकडाचे तंतू मुठीच्या लांबीने जातील असे पाहिले, कारण ते आडवे गेले तर मूठ मोडते. पात्याची मागची निमुळती शेपटी मावेल असे भोक पाडून त्यात लाखेची पूड भरली आणि शेपटी तापवून आत दाबली. पात्याला ओले फडके गुंडाळले होते. ते तापते तर त्याचे पाणी उतरले असते. आपल्याकडे तलवारीच्या मुठीही लाख-राळेने बसवीत. आज इपॉक्सी मिळते, ती अधिक पक्की; पण लाख सुमारे ८० अंशांना वितळते, म्हणून मूठ पुन्हा बदलता येते. अर्थात अशी सुरी उकळत्या पाण्यात टाकू नये.

मूठ धरून आई म्हणाली, "अंगठ्याला बोचते." तीनदा कानस चालवली, मग जवसाचे तेल चोळले.

आता त्या सुरीने दुसऱ्या कोणाला नीट चिरता येत नाही. आई रोज भाजी चिरते.

आपल्याही घरी कोणी "आता जमत नाही" म्हणून एखादे काम सोडले असेल. हात थकला आहे की मूठच चुकली आहे, एवढे एकदा पाहावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.