अक्षरांचा रंग व शिक्षकाचा वेळ



फळ्यावर जोडाक्षरे रंगीत खडूने लिहिण्याची रीत प्राथमिक शाळांत जुनी आहे. संगणकावर वाचनपाठ तयार करतानाही शिक्षक तेच करू पाहतो. समजा, एका पाठात चाळीस कठीण शब्द आहेत. शिक्षक एकेक शब्द निवडून त्यास तांबडा रंग देतो. मागाहून ध्यानात येते की, वर्गातील एका मुलास रंगभेद नीट कळत नाही. तांबडी अक्षरे त्याला काळ्यासारखीच भासतात. म्हणजे चाळीस शब्द पुन्हा निवडणे आले.

यावर उपाय असा की, शब्दाला रंग न देता प्रथम नाव द्यावे. या नावासच ‘स्टाइल’ म्हणतात. विनामूल्य मिळणाऱ्या लिबरऑफिस रायटरमध्ये एफ-११ ही कळ दाबली की स्टाइलची यादी उघडते. तीत ‘कॅरेक्टर’ प्रकारची नवी स्टाइल करून तिला ‘कठीण शब्द’ असे नाव व गडद निळा रंग द्यावा. नंतर टूल्स, कस्टमाइझ, कीबोर्ड या क्रमाने जाऊन एखादी मोकळी कळजोडी त्या स्टाइलला जोडावी. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये नवी स्टाइल करतानाच ‘फॉरमॅट’ या बटनाखाली ‘शॉर्टकट की’ची सोय आहे, तेथे कंट्रोल व स्पेस या कळा एकत्र दाबल्यास निवडलेल्या शब्दाचा रंग उतरतो.

यापुढे शब्द निवडावा व कळजोडी दाबावी, एवढेच काम उरते. रंग बदलावयाचा झाल्यास तो स्टाइलमध्ये एकदाच बदलावा. चाळीसही शब्द आपोआप बदलतात. ज्या शब्दांना हाताने रंग दिला असेल, ते मात्र तसेच राहतात.

दोन गोष्टींचे भान ठेवणे अगत्याचे आहे. पाठाच्या प्रती बहुधा काळ्या शाईतच निघतात व तेथे रंग लोपतो. म्हणून त्याच स्टाइलमध्ये अक्षर ठळकही करावे. रायटरमध्ये हा ठळकपणा ‘कॉम्प्लेक्स’ लिपीच्या विभागात निवडावा लागतो. देवनागरी त्याच विभागात मोडते. दुसरे असे की, स्टाइल त्या कागदापुरतीच असते. म्हणून तिची एक कोरी प्रत जपून ठेवावी व प्रत्येक नवा पाठ तिच्या नकलेवर लिहावा.

अशा रीतीने वाचलेला तासभर वेळ त्या एका मुलाजवळ बसून वाचन घेण्यात खर्ची पडला, तर या कळांचे सार्थक झाले असे समजावे.